बंदूक खुंटीवर, अडकित्ता भंगारात!

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या शेजारच्या गृहस्थांनी माळा उपसला. आजोबांच्या वेळचे दोन अडकित्ते आणि हस्तिदंती मुठीची एक सुरी भंगारवाल्याच्या तराजूत गेली. दिवाणखान्यातली बंदूक मात्र तेल लावून पुन्हा खुंटीवर चढली. "बंदुकीला इभ्रत असते हो! चाकूसुऱ्या काय, पोरेही जमवतात."

हा न्याय मला साफ नामंजूर आहे. इभ्रत कसली? 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना हवा. त्यासाठी अर्ज, चौकशी, मुदत सरली की नूतनीकरण. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, 2019 च्या दुरुस्तीने दोनच उरल्या. निवडणुका आल्या की पोलिसांचा हुकूम सुटतो आणि आमचे नरवीर आपली इभ्रत फडक्यात गुंडाळून ठाण्यावर जमा करतात व पावती घेऊन घरी येतात! बरे, करायचे काय तिचे? शिकारीची वाट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून मिटत गेली. उरले वरातीतले बार. त्यांत माणसे मरू लागली, तेव्हा 2019 मध्ये त्यालाही शिक्षा लागली.

आता अडकित्ता हातात घ्या. दोन दांडे, एक खिळा, एक पाते. एवढ्यातच कारागिराने मोर बसवला, घोडा बसवला, कुठे स्त्रीपुरुषांची जोडी बसवली. आणि एवढे करून सुपारी कातरली गेलीच पाहिजे! पुण्याचे दिनकर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. त्यांनी असले अडकित्ते, दिवे, भांडी आयुष्यभर हिंडून गोळा केली आणि तो सारा संग्रह 1975 मध्ये सरकारच्या स्वाधीन केला. राजा केळकर संग्रहालयात तो आजही पाहायला मिळतो. जुन्या पात्याची गोष्ट तर आणखी निराळी. तेलंगणात निजामाबादकडे मुशीत वितळवून केलेले पोलाद एके काळी इराणापर्यंत जाई; त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. ती कोणी काढलेली नसे, पोलादाच्या अंगचीच असे. कारखान्यातून शेकड्यांनी निघालेल्या बंदुकीत असे काय वाचायचे?

कोणी म्हणेल, कोयते नाचवणारी पोरे विसरलात काय? नाही विसरलो. पण ऊस तोडायचा कोयता रस्त्यावर परजणारा पोरगा संग्राहक नव्हे. तो बंदूकवाल्याचाच धाकटा भाऊ. दोघांनाही समोरचा माणूस घाबरलेला हवा असतो. खऱ्या संग्राहकाला कायद्याची अडचण वाटू नये. घरकामाची वा शेतीची नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे अधिसूचित भागात परवान्याशिवाय चालत नाहीत, हे त्याने आधी जाणून घ्यावे.

मी भंगारवाल्याच्या मागे धावलो. सुरी तोवर पुढे गेली होती, एक अडकित्ता मिळाला. "याचे करणार काय?" शेजाऱ्यांनी विचारले. म्हटले, "पाडव्याला विडा खायला या, सुपारी मी कातरतो."