उमरेडचं ऊन उमरेडच्या वहीत लिहा

उमरेडकरांनो,

होळी तीन आठवड्यांवर आली आहे. एकदा होळी पेटली की आपल्याकडे उन्हाळा आला हे कुणाला पंचांगात पाहावं लागत नाही. सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर चमकायला लागतं, माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतात, आणि संध्याकाळी घरोघरी एकच प्रश्न असतो: आज किती होतं? उत्तर येतं ते नागपूरचं. बातम्यांत नागपूरचा आकडा, पेपरात नागपूरचा आकडा. मोबाइलवर मात्र चक्क ‘उमरेड’ या नावाखाली आकडा दिसतो, आणि तोच सगळ्यांत फसवा. बहुतेक ॲपमधला तो आकडा इथे कुणी मोजलेला नसतो. लांबच्या केंद्रांच्या नोंदी, उपग्रह आणि संगणकाची गणितं यांतून निघालेला तो अंदाज असतो. आपण त्याचा फोटो काढून पुढे पाठवतो आणि रात्रीपर्यंत तो गावाचा विक्रम झालेला असतो.

मी या गावात मुलांना विज्ञान शिकवतो. माझं मागणं असं आहे की या उन्हाळ्यात उमरेडचं तापमान उमरेडमध्येच, रोज, नीट पद्धतीनं मोजलं जावं. मोजणी शाळकरी मुलांनी करावी. त्यासाठी लागणारी जागा, लाकूड आणि मोठ्यांचा थोडा वेळ गावानं द्यावा. होळीच्या आत तापमापी ठेवायच्या पेट्या उभ्या राहिल्या तरच याला अर्थ आहे. एप्रिलमध्ये जाग आली, तर हे वर्ष गेलं.

विज्ञान प्रदर्शनात एखादा तरी गट तापमापी घेऊन येतोच. टिनाच्या छपराखाली किती, लिंबाच्या झाडाखाली किती, डांबरी रस्त्यावर किती, असा तक्ता मुलांनी मांडलेला असतो. पाहणाऱ्यांतला कुणीतरी विचारतो, “काऊन रे पोट्ट्या, तुझा आकडा खरा का नागपूरचा खरा?” पोरगं गोंधळतं. मागून कुणी म्हणतो की हवामान बदलाचा हा पुरावाच आहे. दुसरा म्हणतो, आमच्या लहानपणीही असंच तापत होतं, उगाच भीती घालू नका. दोघंही तक्त्याकडे परत पाहत नाहीत. तापमापी उन्हात धरली होती की सावलीत, जमिनीपासून किती उंच, किती वाजता, हे कुणी विचारत नाही. खरं तर वाद तिथूनच सुरू व्हायला हवा. थेट उन्हात धरलेली तापमापी हवेचं तापमान दाखवतच नाही. ती स्वतः किती तापली ते दाखवते.

ही चूक फक्त मुलांच्या हातून होते असं समजू नका. ३० मे २०२४ आठवा. नागपुरात रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस दाखवले आणि सोनेगावच्या केंद्रानं ५४. देशभर बातमी झाली. नागपूरचा तोवरचा उच्चांक होता ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. ५६ दिसले त्याच दिवशी बाकीची स्वयंचलित केंद्रं ४४ च्या आसपास होती. ५६ आणि ५४ चे आकडे संवेदकाच्या बिघाडामुळे आले असं खात्यानं नंतर सांगितलं. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ दाखवले होते. तपासणीत तो संवेदक तीन अंशांनी जास्त दाखवत असल्याचं आढळलं. दोन्ही वेळा चूक पकडली गेली ती एकाच कारणानं: शेजारी ताडून पाहायला दुसरी केंद्रं होती. उमरेडमध्ये उद्या एखादं यंत्र ५२ दाखवू लागलं, तर आपण ते कशाशी ताडणार?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हटकून वही सरसावून बसतात. १३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातल्या अल अझिझिया इथे ५८ अंश नोंदले गेले. जगातलं सर्वांत जास्त तापमान म्हणून तो आकडा नव्वद वर्षं भूगोलाच्या पुस्तकांत राहिला. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला. अभ्यासकांच्या हाती तिथल्या नोंदींचं मूळ पान लागलं होतं. त्यावरून दिसलं की त्या दिवसांत नोंदी घेणारा माणूस नवखा होता, आकडे भलत्याच रकान्यात पडले होते, आणि वापरलेली तापमापी सहज चुकीची वाचली जाईल अशी होती. मला यात महत्त्वाचं वाटतं ते पान. कुणीतरी ते जपून ठेवलं म्हणून नव्वद वर्षांनी चूक सुधारता आली. आपल्या मुलांच्या वहीतही आकड्याशेजारी कुणी वाचलं, कुठल्या तापमापीनं, किती वाजता, आभाळ कसं होतं, हे सगळं असलं पाहिजे. खाडाखोड असली तर ती दिसली पाहिजे. खोडरबर या कामात चालणार नाही.

कुणी म्हणेल, सरकारी यंत्रं आहेत की. आहेत. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत, आणि पीकविम्याचे हिशेब त्यांच्या नोंदींवर अवलंबून असतात. म्हणूनच ती नोंद बरोबर आहे की नाही, याच्याशी सोयाबीन, कापूस आणि मिरची लावणाऱ्या प्रत्येक घराचा संबंध आहे. केंद्राभोवती झाड वाढलं, शेजारी भिंत उभी राहिली, संवेदकावर धूळ बसली, तर आकडा हलतो. आजवर गावकऱ्याची तक्रार असायची, ‘आमच्याकडे तर यापेक्षा जास्त तापलं होतं,’ आणि तिला उत्तरही तोंडीच मिळायचं. शेजारी मुलांची तीन महिन्यांची वही असली, तर तक्रारीला तारखा येतात. केंद्र बरोबर निघालं तर तेही उघडपणे सांगता येतं, आणि तसं निघालं तर मला आनंदच होईल.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही पाहा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त असेल, किंवा थेट ४५ वा त्याहून वर गेलं, तर हवामान खातं लाट मानतं. ‘सरासरी’ म्हणजे त्या ठिकाणची तीस वर्षांची. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या नागपूरची सरासरी वापरून आपलं काम आपण भागवून घेतो. पण आपल्या बाजूला कोळशाच्या उघड्या खाणी आणि मातीचे काळे ढिगारे आहेत, एमआयडीसी आहे, मकरधोकड्याचा तलाव आहे, कऱ्हांडल्याचं जंगल आहे. या सगळ्यांचं तापमान एकच असेल असं मानायला काय आधार आहे? खाणीमुळे गाव तापतं, असं छातीठोकपणे सांगणारे इथे पुष्कळ आहेत आणि तितक्याच छातीनं ते नाकारणारेही. मी स्वतः आज यातल्या कुठल्याच बाजूला सही करणार नाही. जंगलाच्या कडेला, तलावाकाठी, भर वस्तीत आणि खाणीजवळच्या गावात एकाच पद्धतीच्या पेट्या एकाच वेळी वाचल्या गेल्या, तर पहिल्या उन्हाळ्यातच या वादाला काहीतरी आकार येईल.

पेटी म्हणजे काही अवघड वस्तू नाही. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपा असलेली, वारा खेळेल पण ऊन शिरणार नाही अशी लाकडी पेटी. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेकडे, भिंती आणि डांबरापासून दूर, शक्यतो मातीच्या किंवा गवताच्या मोकळ्या जागेत. गच्चीवर नको, गच्ची स्वतःच तापते. आत कमाल आणि किमान दोन्ही लक्षात ठेवणारी तापमापी. पाऱ्याची मुलांच्या हाती देऊ नये. बसवण्याआधी प्रत्येक तापमापी कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवायची. शून्य दाखवते का ते पाहायचं. मग सगळ्या तापमाप्या आठवडाभर एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवायचा. हा आठवडा वाया गेला असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांनी भारतीय हवामान उपकरणांच्या प्रमाणीकरणाचं काम उभं केलं, आणि चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी हा त्यांचा आग्रह होता. होळीची मुदत मी घालतो आहे ती या आठवड्यासाठीच.

नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला घ्यायच्या. हवामान खात्याच्या नोंदींच्या याच वेळा आहेत. दुपारी दोन वाजता कुठलंही मूल उन्हात जाणार नाही, याची हमी मी पालकांना देतो. दुपारचा आकडा तापमापी स्वतः धरून ठेवते.

पेटीत आणखी एक तापमापी हवी, जिच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं असेल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला मोकळ्या मैदानात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी त्या भागातलं तापमान ३८ च्या आसपास होतं. विदर्भातला माणूस ३८ ला ऊन म्हणतच नाही! पण हवा दमट असली की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. आपल्याला हे कूलरवरून कळतं. मे महिन्यात बर्फासारखी हवा देणारा कूलर मृगाच्या तोंडावर नुसता चिकचिकाट करतो. कूलर चालेनासा होतो त्या दिवसांत शेतात राबणाऱ्याचं अंगही थंड होईनासं होतं, आणि पेपरात तर पारा उतरल्याची बातमी असते. ओल्या तापमापीची नोंद हे दिवस ओळखून देईल.

अशा नोंदींचा उपयोग होतो हे अहमदाबादेनं दाखवलं आहे. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर शहराचं तापमान आणि मृत्यू यांची सांगड घालून २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा तयार झाला. पुढे नागपूरनंही ती वाट धरली. हिवरे बाजारात गावातच पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेनं तर २०१४ आणि २०१५ साठी ‘हवामान समजून घेणं’ हाच मुख्य विषय दिला होता. म्हणजे मुलांनी स्थानिक हवामान मोजावं ही कल्पना नवी नाही. अडतं ते प्रकल्प संपल्यावर. बक्षीस मिळतं, तक्ता कपाटावर जातो, आणि वही रद्दीत.

आपल्यापुढची खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात शाळा बंद असतात, आणि विदर्भात तर त्या जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे नवतपा, सगळा वैशाख वणवा आणि मृगाची दमट हवा, नेमके हेच दिवस वहीतून गळणार. मुलं मामाच्या गावाला जाणार, आणि जावीतच. तेव्हा प्रत्येक पेटीमागे दोन मोठी माणसं हवीत: निवृत्त शिक्षक, दुकानदार, अंगणवाडीताई, पहाटे फिरायला जाणारे आजोबा. दिवसातून दोनदा पाच मिनिटं, रोज. एकही दिवस चुकला तर तो रकाना रिकामा सोडायचा. अंदाजानं भरायचा नाही.

सुतारकाम करणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रत्येकानं एक पेटी करून द्यावी. ज्यांच्याकडे मोकळं आवार आहे त्यांनी दोन हात जागा द्यावी आणि पाच-दहा वर्षं तिथे काही बांधणार नाही असा शब्द द्यावा. कोळसा प्रकल्प, कारखाने, नगरपरिषद, वनविभाग आणि कृषी कार्यालय यांच्याकडे हवामानाच्या जुन्या नोंदी असतील तर त्या मुलांना पाहू द्याव्यात. आणि ज्यांना मुलांचे आकडे पटणार नाहीत, त्यांनी तर आधी यावं. पेटी उघडून पाहावी, बर्फाची चाचणी स्वतः करावी, वहीत आपली हरकत तारखेसह लिहावी. त्या हरकतीवर मुलांनी त्याच वहीत उत्तर लिहायचं आहे.

आज आठवीत असलेली मुलगी उमरेडची पहिली तीस वर्षांची सरासरी काढेल तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची असेल. तिच्या वहीचं पहिलं पान या होळीआधी लिहिलं गेलं पाहिजे. येत्या शनिवारी सकाळी तुमच्या घराजवळच्या शाळेत जा, विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना भेटा, आणि आपण काय देणार ते सांगा: जागा, पेटी, की रोजची पाच मिनिटं.