मूळ रूपाचा भ्रम

जुनी मोटार कारखान्यातून आली तशीच राखणे हाच तिचा सन्मान, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. पुण्यात १९९२पासून तयार झालेली टाटा इस्टेट ही स्टेशन वॅगन कुणी ट्रॅकवर धावण्यासाठी बदलायला घेतली, की हा वर्ग विटंबनेचा ओरडा करतो. साहित्याच्या वर्गात संहितेच्या पावित्र्याविषयी ऐकू येते तीच ही भाषा.

या मंडळींनी गोंदिया जिल्ह्यातला शंकरपट पाहावा. धान वाहणारी जड बैलगाडी पटावर चालत नाही. तिथे हलका छकडाच लागतो. त्याला परंपरेचा घात कोण म्हणतो? व्होल्वोने १९९४च्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत ८५० इस्टेट उतरवली. ती एकही शर्यत जिंकली नाही, तरी रसिकांच्या स्मरणात राहिली.

अर्थात बदल म्हणजे मोकाट कापाकापी नव्हे. मागून मोकळा असलेला वॅगनचा सांगाडा वळणावर पिळवटतो. म्हणून आसने काढताना पोलादी पिंजरा जोडावा लागतो, ब्रेक सुधारावे लागतात. नोंदणीतील तपशिलाला छेद देणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला मान्य नाहीत. तेव्हा अशा गाडीची जागा बंदिस्त ट्रॅकवरच. संहिता न समजता कापणारा संपादक आणि सांगाडा न समजता कापणारा कारागीर सारखेच अपराधी.

परंतु गोंदियासारख्या जिल्ह्यात जुन्या इस्टेटपुढे संग्रहालयाचा पर्याय नसतो, भंगाराचा असतो. मग पावित्र्याच्या रक्षकांनीच सांगावे: न वाचलेला ग्रंथ आणि गंजलेली गाडी यांत जतन नेमके कशाचे झाले?