विहारातला खाऊ बदलूया

रविवारच्या वंदनेनंतर आपण मुलांच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवतो. त्यात मैदा, साखर आणि पामतेल. वस्तीत मधुमेह घरोघरी दिसत असताना आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनाही याच आजाराने छळले होते.

खाऊ घरीच करूया. 1 वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी कणीक, 1 कुस्करलेले पिकलेले केळे, 2 चमचे गूळ, 2 चमचे शेंगदाणा तेल, चिमूटभर खाण्याचा सोडा. दूध, तूप, वनस्पती काही नको. लागेल तेवढ्या पाण्यात मळून पातळ बिस्किटे थापा. कुकरची शिट्टी-रबर काढा, तळाशी मीठ पसरा, वर स्टँडवर ताटली ठेवून मंद आचेवर सुमारे 25 मिनिटे भाजा.

गूळही साखरच, मधुमेहींनी एखादेच खावे. आणि हे काम एकट्या आईवर टाकू नका. समता चुलीपाशीही हवी.

जय भीम!