‘घरीच तर आहे’ हा अडथळा

आमच्या मोहल्ल्यातील एका मुलीने बारावीनंतर ऑनलाइन बी.ए.ला प्रवेश घेतला. कॉलेज लांब, रोजचा प्रवास नको, म्हणून घरच्यांनीही होकार दिला. पहिल्याच सत्रात ती दोन विषयांत नापास झाली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “सर, लेक्चर सुरू झालं की कोणीतरी पाहुणे येतात. अम्मी म्हणते, तू घरीच तर आहेस, जरा चहा टाक.”

ऑनलाइन शिक्षणातील अपयशाचे खापर आपण नेटवर्कवर, मोबाइलवर किंवा मुलांच्या आळसावर फोडतो. त्यात तथ्य आहेच. पण मुलींच्या बाबतीत खरा प्रश्न वेळेचा आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे चार तास घर सोडून देते. घरी शिकणाऱ्या मुलीचे चार तास मात्र सगळ्यांचे असतात. भाऊ परीक्षेला बसला की घरात टीव्ही बंद होतो. बहिणीच्या वाट्याला ही शांतता क्वचितच येते. मग ती नापास झाली की ‘हिचं अभ्यासात मन नाही, स्थळ बघा’ हा निर्णय ठरलेलाच.

ही पदवी दुय्यम आहे, हा समजही यामागे असतो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र प्रवेशापूर्वी त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. एजंटच्या शब्दावर फी भरू नये. कोणी ऑनलाइन नर्सिंगची किंवा वकिलीची पदवी देतो म्हणाला, तर तिथून उठावे. अशा अभ्यासक्रमांना या पद्धतीची परवानगी नाही.

विद्यार्थ्यांनीही काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ‘नंतर बघू’ म्हणून साठवली की परीक्षेच्या तोंडावर त्यांचा डोंगर होतो. लेक्चर पाहताना हातात वही-पेन हवेच. स्वाध्याय वेळेत द्यावेत. ते गुण आपल्या हातातले असतात. त्याच अभ्यासक्रमाच्या दोन-तीन मैत्रिणी शोधून आठवड्यातून एकदा एकमेकींना धडा समजावून सांगावा. शंका आली तर शिक्षकांना विचारावे. विचारल्याशिवाय ती पडद्यापलीकडच्या माणसाला कळणार नाही.

पण हे सारे जमण्यासाठी आधी तिला रोजचे दोन तास आणि एक कोपरा द्यावा लागेल. ज्या घरात एकच खोली आहे, तिथे हा कोपरा आणायचा कुठून? इथे मोहल्ल्याने पुढे यावे. आपले शादीखाने, संस्थांची कार्यालये, शाळांच्या वर्गखोल्या दिवसाचे कित्येक तास कुलूपबंद असतात. तिथे चार टेबले, वीज, वाय-फाय आणि मुलींना निर्धास्त बसता येईल अशी वेळ ठरवली, तरी अभ्यासिका उभी राहते. सत्कार समारंभाच्या खर्चात तिचे वर्ष निघेल.

त्या मुलीचे पुढे काय झाले? अब्बूंनी ठरवून टाकले, दुपारी दोन ते चार तिला कोणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तर चहा ते स्वतः टाकतात. पुढच्या सत्रात तिचे दोन्ही विषय सुटले.