रुपयाचे नाणे आणि मीटरचा आकडा



या सदरात एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, बँकेचे कर्ज असे विषय असतात. आज व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे. हसू नका. विषय शेवटी आपल्या घरातल्या मीटरपाशीच येऊन थांबतो.

गोष्ट डिसेंबर २०२४ मधली, इस्लामपूरची. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली जाहीर केला. मी गोष्ट घडली तेव्हाचे नाव वापरतो.) रविवारी वंदना आटोपून विहारातून बाहेर पडलो, तर भाचा दारात उभा. हातात विजेचे बिल.

"जयभीम मामा. जरा बघा की हे."

"किती आलंय?"

"साडेसात हजार. आई रात्रभर झोपली नाही."

अक्काला झोप कशी येणार? बचत गटातून साठ हजार उचलून तिने पोराला धंदा घालून दिला होता. धंदा म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत सहा जुन्या व्हिडिओ गेमचे डबे. कुणाच्या गोडाऊनमध्ये, कुणाच्या माळ्यावर वीस वर्षे धूळ खात पडलेले. पोरगा आय.टी.आय. झालेला, टी.व्ही. दुरुस्तीची आवड. त्याने ते लाकडी डबे आणले, दांडे बदलले, बटणे बसवली, बोर्ड झटकून चालू केले. बाहेर पाटी लावली, 'जुने गेम'. पहिले दोन महिने बरे गेले. मग हे बिल आले आणि गटाचा हप्ता अडला.

आता माझी कबुली ऐका. १९९४-९५ साली मी नववी-दहावीत असताना अशाच एका पार्लरमध्ये पडीक असे. 'मुस्तफा' खेळायचो. त्या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला. त्यात मुस्तफा नावाचा एक गडी होता, म्हणून साऱ्या भारतात तो गेम मुस्तफा याच नावाने चालला. जयंतीच्या वर्गणीतले आठ रुपये मी त्या डब्यात घातले होते. वडील कारखान्यावर हंगामी कामगार. त्यांनी मारले नाही, पण चार जाणत्या माणसांसमोर उभे करून कबूल करायला लावले, आणि मेच्या सुट्टीत मजुरीला पाठवून ते आठ रुपये फेडून घेतले. तेव्हा भाच्याने हा धंदा काढला, त्यावेळी विरोध करणारा पहिला माणूस मीच होतो. शाळेच्या गणवेशातल्या पोराला टोकन द्यायचे नाही आणि संध्याकाळी चारच्या आत कुणाही विद्यार्थ्याला घ्यायचे नाही, या दोन अटींवर मी गप्प बसलो.

ते जुने पार्लर पुढे बंद का पडले, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. घरोघर टी.व्ही.ला जोडायचे गेम आले, कॅसेट भाड्याने मिळू लागल्या, मग सायबर कॅफे, मग मोबाईल. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने उरलासुरला धंदा संपवला. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी लाईट गेली की डबा म्हणजे नुसते कपाट.

आता तीच पोरे चाळिशीची झाली. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली सणाला गावी येतात आणि आपल्या मुलाला घेऊन 'हे बघ, आम्ही हे खेळायचो' म्हणत दांडा धरतात. कॉलेजची मुले फोटो काढतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे, पण त्याच्या मनात दर जुनाच बसला आहे. "आमच्या वेळी रुपया होता," असे म्हणूनच तो आत येतो. भाच्याने टोकन पाच रुपयांना ठेवले तरी कुरकुर.

नाण्याचा हा पेच सगळ्या जगाचा आहे. जपान हा या यंत्रांचा मोठा देश. तिथे एका खेळाला शंभर येनचे एक नाणे, हा रिवाज कितीतरी वर्षे चालला. १९८९ साली तिथे विक्रीवर ३ टक्के उपभोग कर आला, तो वाढत वाढत ऑक्टोबर २०१९ मध्ये १० टक्के झाला. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर इंधन महागले, वीज महागली. पण शंभराच्या नाण्याला एकशे सात कसे करणार? यंत्राला फट एकाच नाण्याची. वाढवायचे तर एकदम दोन नाणी, आणि मग गिऱ्हाईक उठून जाते. आपल्याकडे तर नाणेच बदलले. १९९२ पासूनचा रुपया २५ मिलिमीटर रुंद होता, २०११ चा साधारण २२ मिलिमीटर. जुन्या डब्यात आजचा रुपया टाकला तर तो न मोजता सरळ खाली पडतो. म्हणून टोकन.

भाच्याला मी म्हणालो, "नाण्याचं सोड, ते आपल्या हातात नाही. मीटर दाखव."

घरातले सगळे दिवे-पंखे बंद केले आणि एकच डबा चालू ठेवला. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात आकडा असतो. अक्काच्या मीटरवर ३२०० होता. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाईलमध्ये वेळ लावून मोजले. मिनिटाला आठ लुकलुक. तासाला ४८०. म्हणजे एक डबा तासाला ०.१५ युनिट खातो, दीडशे वॅट. हा प्रयोग घरातल्या फ्रिजवर, इस्त्रीवर कुणीही करू शकतो. मुलांकडून करून घ्या, गणिताचा अभ्यासही होईल.

आता हिशेब. सहा डबे, सकाळी नऊ ते रात्री दहा, तेरा तास. दिवसाला ११.७ युनिट, महिन्याला ३५१. दोन पंखे आणि ट्यूब तेवढाच वेळ, त्याचे ७५. घरचा वापर ९५. बेरीज ५२० च्या पुढे. बिलात चूक नव्हती. चूक आमच्या समजुतीत होती.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे लक्षात घ्या. पहिली १०० युनिटे स्वस्त. १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या घरात. ३०० च्या पुढचा त्याहून बराच जास्त. वर वहन आकार, स्थिर आकार, कधी इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन म्हणजे कोळसा महागला की त्याची वसुली. युनिट तेच, पण शेवटचे युनिट पहिल्या युनिटाच्या कितीतरी पट महाग पडते.

भाचा म्हणाला, "मग मामा, स्टँडजवळ गाळा बघतो. ए.सी. लावतो, दहा डबे ठेवतो. मोठं केलं की परवडंल."

तरुण माणसाला असे वाटणे साहजिक आहे. पण गाळ्यात व्यापारी जोडणी. तिथे पहिल्या १०० युनिटांची सवलत नाही, स्थिर आकार जास्त, वीज शुल्क २१ टक्के. दीड टनाचा ए.सी. जोरात चालला तर साधारण दीड हजार वॅट. म्हणजे एकटा ए.सी. दहा डब्यांएवढी वीज ओढणार. वर गाळ्याचे भाडे, अनामत. आणि पाठीशी काय, तर बचत गटाचे साठ हजार.

आता जे सांगतो ते पुढच्या खोलीत शिलाई मशीन, पिठाची छोटी गिरणी, झेरॉक्स, किराणा चालवणाऱ्या प्रत्येक घराने नीट वाचावे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत एक तरतूद अनेक वर्षे आहे. राहत्या घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. ही गोष्ट घडली तेव्हा लागू असलेल्या २०२३ च्या आदेशातही ती होती. आदेश बदलत असतात, तेव्हा आपल्या वर्षाचा आदेश पाहूनच पाऊल टाका. हद्द ओलांडली तर व्यापारी दर लागू होतो. आणि घरगुती मीटरवरून पूर्ण दुकानच चालवले, तर वीज कायदा २००३ चे कलम १२६ आहे. त्यात अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते आणि तो वापर कधीपासून चालला हे ठरवता आले नाही, तर मागच्या बारा महिन्यांची होते. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, पण आधी निम्मी रक्कम भरावी लागते. शेजाऱ्याने केले म्हणून आपण केले, हे तिथे चालत नाही.

तेव्हा सगळा धंदा ३०० च्या आत बसवायचा, असे ठरले. वही काढली. भाच्याला आठवडाभर कोणते टोकन किती वाजता पडले ते लिहायला लावले. दिवसाला सत्तर-ऐंशी टोकन, त्यातली जवळजवळ सगळी चारनंतरची. सकाळभर डबे रिकामे, पण पडदे नाचतच होते. गिऱ्हाईक नसले की हे यंत्र आपणहून खेळाची चित्रे दाखवत राहते, लोकांना बोलावण्यासाठी. रिकाम्या खोलीत ते कुणाला बोलावत होते? एखादा मुरलेला गडी एका टोकनावर पाऊण तास खेळतो, आणि भाचा त्याच्यावर चिडायचा. पण पाऊण तासाची वीज ०.११ युनिट, म्हणजे पाच रुपयांच्या पुष्कळ आत. धंदा बुडवत होते ते रिकामे डबे.

"मग गिऱ्हाईक आलं की चालू, गेलं की बंद," मी म्हणालो.

"तसं नाही जमत मामा. जुनी पिक्चर ट्यूब आहे. सारखं चालू-बंद केलं की पॉवर सप्लाय जातो. आणि ट्यूब आता नवीन मिळत नाही."

इथे भाच्याचे बरोबर होते, माझी बी.कॉम. तिथे कामाची नव्हती. मधला मार्ग काढला. चार वाजता एकदाच चालू, दहाला एकदाच बंद. सहा तासांचे डब्यांचे १६२, पंखे-ट्यूबचे ३४, घरचे ९५. बेरीज २९१. काठावर. मग दोन डब्यांत ट्यूब काढून सपाट स्क्रीन बसवली. तिथे मिनिटाला चारच लुकलुक, म्हणजे वीज निम्मी. महिन्याला २७ युनिट वाचली, ती रविवारच्या जादा तासांना ठेवली. जाणत्या गिऱ्हाइकाला सपाट स्क्रीन आवडत नाही, त्यावर चित्र कोरडे दिसते म्हणे. म्हणून मुस्तफा आणि 'किंग ऑफ फायटर्स ९७' ट्यूबवरच ठेवले. काढलेल्या ट्यूब कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत, पुढे लागतील.

एका गोष्टीत मात्र मी पैसे वाचवू दिले नाहीत. सहा डबे एकाच बोर्डावरून पिना लावून चालले होते. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागून लहान मुलांसह २७ जण गेले, ते कुणी विसरू नये. वेगळी वायर, एम.सी.बी., अर्थिंग, गळती झाली की वीज तोडणारे यंत्र आणि मागचे दार कायम मोकळे. परवानगीचे कागद नगरपालिकेत व पोलीस ठाण्यात विचारून पूर्ण केले. त्यात साडेचार हजार गेले. अक्काने तोंड वाकडे केले, पण दिले.

हे चालले असताना अक्का म्हणाली, "कोयनेची लाईट आपल्या शेजारची, मग एवढी महाग कशी रं?" प्रश्न साधा आहे, उत्तर लांब आहे. कोयनेची वीज १९६२ पासून सुरू झाली, आज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पण राज्याची बरीचशी वीज कोळशाची, आणि दर सगळ्यांचा मिळून ठरतो. मला मात्र दुसरेच आठवले. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या दिल्लीतल्या बैठकीत त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, असे मांडले. तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, हा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. हे मी अक्काला सांगितले. ती म्हणाली, "मग बाबासाहेबांनी सांगितलं त्यातली मुबलक तरी आली. स्वस्त राहिली."

छतावरच्या सौर विजेचाही विचार केला. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या योजनेत एका किलोवॅटला ३० हजार अनुदान आहे. पण अक्काच्या घरावर पत्रा आहे, आणि आधी गटाचे कर्ज फिटले पाहिजे. तो विषय पुढच्या वर्षी.

पुढचे पूर्ण महिन्याचे बिल तीन हजारांच्या आसपास आले. अडलेला हप्ता दोन वेळा मिळून भरला. आता पुढच्या खोलीत कॅलेंडरवर रोज रात्री मीटरचा आकडा लिहिला जातो. लिहिते अक्का, कारण पोरगा 'उद्या लिहितो' म्हणतो. परवा गेलो तेव्हा दहाला पाच मिनिटे कमी होती. चाळिशीचा एक गडी मुस्तफाच्या शेवटच्या टप्प्यावर होता, भोवती चार पोरे. अक्का बटणावर हात ठेवून उभी. "मावशी, पाचच मिनिटं," तो मान न वळवता म्हणाला. अक्काने कॅलेंडरकडे पाहिले. महिन्याची २४ तारीख, वापर २२८. "खेळ," ती म्हणाली, आणि बाकीचे पाच डबे बंद केले.