विश्लेषण : नांगरलेल्या बोटीवर मद्यपान चालते का? कायदा काय सांगतो?

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण पाणी दूर नाही. पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवरील इसापूर ही धरणे या परिसराचीच. जलाशयात मासेमारीच्या होड्या असतात, सुट्टीच्या दिवशी काठावर गर्दी होते आणि काही जणांच्या पिशवीत बाटलीही असते. ‘बोट उभी आहे, कुणाला त्रास नाही, मग गुन्हा कसला?’ हा प्रश्न तिथूनच येतो.

बोट म्हणजे कायद्यापुढे काय?

महाराष्ट्र मद्यनिषेध कायदा 1949 चा. त्यातील ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत इमारत, दुकान, तंबू, वाहन यांच्याबरोबर बोट आणि तराफाही येतो. किनारा सोडला म्हणून कायदा सुटत नाही. मूळ कायद्यात जहाज कंपन्या आणि कप्तान यांच्यासाठी परवान्याची तरतूद होती. मालवाहू बोटी व युद्धनौकांवरील विदेशी मद्याचाही विचार होता. म्हणजे पाण्यावरील मद्य कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून निसटले नव्हते, ते परवान्याच्या चौकटीत बसवले होते.

परवाना कोणाला लागतो?

पिणाऱ्या प्रत्येकाला, घरात असो वा होडीत. एक दिवसाचा परवाना 5 रुपयांत, आजीवन 1000 रुपयांत मिळतो. बिअर व वाइनसाठी वय 21, इतर मद्यासाठी 25 पूर्ण हवे. बहुतेकांच्या खिशात हा कागद नसतो, हे उघड गुपित आहे. पण कारवाई झाली की पहिली विचारणा त्याचीच होते. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली तर परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणेच बेकायदा. आणि बोटमालकाने पैसे घेऊन पिण्याची बैठक बसवली, तर तो विनापरवाना मद्यपानाचा अड्डा ठरू शकतो.

चालकासाठी नियम कोणता?

खरी फट इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलेला चालक गुन्हेगार ठरतो. पण तो कायदा रस्त्यावरील वाहनांचा. होडीला लागू नाही. बोटीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 282 आहे : जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे बोट हाकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात मोजमापाचा आकडा नाही, बेदरकारपणा सिद्ध करावा लागतो. व्यापारी जहाजांवरील खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत रक्तातील अल्कोहोलची 0.05 टक्के ही मर्यादा आहे. धरणात पर्यटक फिरवणाऱ्यासाठी इतका स्पष्ट आकडा का नसावा, हा प्रश्न रास्तच.

उभ्या बोटीत धोका कसला?

नांगरलेली बोट म्हणजे पार्किंगमधली गाडी नव्हे. वारा फिरला की ती फिरते, तळ मऊ असेल तर नांगर घसरतो. अशा वेळी दोर सैल सोडायचा की इंजिन सुरू करायचे, हे ठरवणारा एक तरी माणूस शुद्धीवर लागतो. कोकणात आठ-दहा दिवस ट्रॉलरवरच राहणाऱ्या खलाशांमध्ये हा भार तांडेलावर असतो. हौशी मंडळींत तांडेल कोण, हेच ठरलेले नसते.

बुडण्याचे प्रसंगही वादळातच येतात असे नाही. रात्री लघवीला काठाशी उभे राहणे, मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरणे, एवढे पुरते. मद्याने तोल जातो, शरीरातील उष्णता लवकर निघून जाते आणि पोहता येणाराही गडबडतो. थंड पाण्याची आंघोळ किंवा काळी कॉफी नशा उतरवत नाही. यकृताला एका पेगासाठी साधारण तासभर लागतोच. त्यामुळे रात्री एकला थांबलेला माणूस पहाटे पाचला बोट चालवायला ठीक असेलच असे नाही. होडीतून काठावर परतायचे असेल तर ते पिण्याआधी, आणि बोटीवर राहायचे असेल तर अंगात लाइफ जॅकेट आणि एक जण पूर्ण कोरडा, एवढी व्यवस्था तरी हवी.

गावाने आडवी बाटली केली तर?

महिलांच्या मतदानाने बाटली आडवी झाली की गावातील परवानाधारक दुकान बंद होते. मतदान विक्रीवर असते. बाहेरून आणलेली बाटली जलाशयात उघडली, तर तिथे पुन्हा 1949 चा कायदाच लागतो, आणि तो राबवायला उत्पादन शुल्क खात्याला किंवा पोलिसांना आधी बोट मिळवावी लागते.