सहा शिंगांचा राऊटर

पूर्वी लोक विचारायचे, घरात फ्रिज आहे का? हल्ली विचारतात, राऊटरला अँटेना किती? सहा असतील तर तुम्ही सुधारलेले.

माझं भांडण आहे ते फायबर जोडायला येणाऱ्या मंडळींशी. तार दारातून आत आली की डबा तिथेच, चपलांच्या स्टँडवर ठोकून मोकळे! चपला इंटरनेट वापरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. तीन भिंतींपलीकडे नात ऑनलाइन परीक्षेला बसते आणि पंधराव्या प्रश्नाला पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. तक्रार केली की सल्ला ठरलेला, "काका, मोठा राऊटर घ्या."

अहो, लहरी किती जोराने सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे. शिंगं वाढवून ती वाढत नाही. 5 गिगाहर्ट्झवाल्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंत दिसली की मान टाकतात. 2.4 वाल्या संथ, पण बिचाऱ्या रखडत का होईना, मागच्या खोलीपर्यंत येतात.

तेव्हा प्रकाशाचा संदेश विजेत बदलणारा कंपनीचा डबा राहू दे दारापाशी. तिथून लॅन केबल घराच्या मध्यावर न्या आणि आपला साधा राऊटर तिथे उंचावर ठेवा. ही केबल 100 मीटरपर्यंत कुरकुर करत नाही. आपली घरं एवढी कुठली!

"भिंतीवर वायर दिसेल," हा आक्षेप स्वयंपाकघरातून येईलच. दिसू दे. जोडणारा म्हणेल, "केबल कंपनी देत नाही." न देवो. इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मीटरवर मिळते.